चेहरा त्याचा, कपडा आपला

आई, काल तुझं नाव भिंतीवर लागलं. पूर्ण नाव, आडनावासकट. आमच्या संग्रहालयाच्या मधल्या दालनात जुन्या नटांच्या सात छापील चित्रांची रांग लावली आहे. तिच्यातल्या चौथ्या चित्राखाली एक पांढरी पाटी आहे आणि पाटीवरच्या दुसऱ्या ओळीत तू आहेस. पाटी लावणारा माणूस स्टुलावर उभा राहून विचारत होता, "ताई, सरळ हाय का बघा." मी म्हटलं, उजवीकडून जरा खाली घ्या. पुन्हा म्हटलं, आता जरा वर घ्या. खरं तर ती पहिल्यापासून सरळच होती, मलाच तिच्यासमोर आणखी थोडा वेळ उभं राहायचं होतं. इतका अभिमान वाटत होता की गुलमंडीच्या बाजारापर्यंत चालत जावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगावं असं झालं. गेले मात्र नाही. छप्पन्न वर्षांच्या बाईनं असं करायचं नसतं, आणि तू असतीस तर म्हणाली असतीस, "लई झालं कवतिक, घरी चल."

तू गेलीस तेव्हा या शहराचं नाव वेगळं होतं. शेठचं तसबिरींचं दुकान होतं तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तुझं काम काय होतं हे आजच्या माणसाला सांगायला बसलं की मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लोक देवादिकांची, राजाराण्यांची, नाटकातल्या नटांची छापील चित्रं विकत घ्यायचे आणि हौस असली की शेठला सांगायचे, "सजवून द्या." मग ती चित्रं पिशवीतून आपल्या घरी यायची. चित्रातल्या लुगड्याच्या आकाराचं खरं रेशीम कापायचं, ते खळीनं चिकटवायचं, काठाला जर लावायची, टिकल्या आणि बारीक मोती सुईनं टाचायचे, की चित्रातली बाई खरोखरच नेसून उभी राहायची. नंतर शेठ तिला काचेत बसवायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, वा शेठ, काय काम आहे. शेठ मान डोलवायचे.

खळ तू स्वयंपाकघरातच शिजवायचीस, भाकरी उतरवल्यावर, त्याच चुलीवर. कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी, त्यात मैदा, आणि शेवटी चिमूटभर मोरचूद, कागद खाणारी कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्याला तू कडेला खाच पाडून ठेवली होतीस आणि त्याला हात लावला तर हात मोडीन असं मला बजावलं होतंस. पुढं मी कागदाच्या दुरुस्तीचं रीतसर शिक्षण घेतलं, तेव्हा आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की मोरचूद कागदाला वाईट. मी वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, सर, आमच्या आईला सांगून बघा एकदा. चित्राला मागून आधार लागायचा. त्यासाठी जाड कागद कुठून आणणार, म्हणून तू माझ्या भरलेल्या वह्यांची पानं एकावर एक चिकटवायचीस. माझी बेरीज-वजाबाकी आणि शुद्धलेखन अशा किती राजकन्यांच्या पाठीमागं लपून बसलं असेल कोण जाणे.

तुझा एक नियम होता. चेहरा, हात आणि पाय यांना कधी हात लावायचा नाही. कुणी म्हणालं, जरा गालावर लाली द्या, तरी नाही. "चेहरा त्याचा, कपडा आपला," म्हणायचीस. आणि आपल्या भिंतीवर जी निळ्या कोटातली तसबीर होती तिला तर तू एक टिकलीसुद्धा लावली नाहीस. मी एकदा हट्ट धरला होता, त्या कोटाच्या खिशाला जर लावू म्हणून. तू हसलीस आणि म्हणालीस, "त्यांचा कोट त्यांनी लई कष्टानं कमावलाय. त्याला आपली जर कशाला?"

मी तेव्हा चौथीत होते. शेठकडून एक चित्र आलं, जुनं, कडा पिवळ्या पडलेलं. स्वयंवराची राजकन्या उभी होती, नऊवारी शालू, नाकात नथ, हातात वरमाळ. खाली बारीक अक्षरात नाटकाचं आणि नटाचं नाव छापलेलं होतं. मी मोठ्यानं वाचलं आणि ओरडले, "आई, हा तर बाप्या आहे!" तू चित्र उजेडाकडं धरलंस. "बाप्या असंल, पण नेसलाय बघ कसा चापूनचोपून. मला तरी येतं का असं?" मग पुन्हा नीट बघितलंस आणि मला जवळ बोलावलंस.

"आपण पदर कोण्या खांद्यावर घेतो गं?"

"डाव्या."

"अन् ह्यानं?"

उजव्या. नथसुद्धा उजव्या नाकपुडीत होती आणि वरमाळ डाव्या हातात. तू उठलीस, कोनाड्यातला फुटका आरसा आणलास आणि चित्र त्याच्यासमोर धरलंस. आरशात पदर डाव्या खांद्यावर आला, नथ डावीकडं आली, वरमाळ उजव्या हातात आली. "बघ, आता बाई सरळ झाली," तू म्हणालीस. शेठच्या दुकानाशेजारी एक जण शिक्के कोरायला बसायचा. शिक्का उलटा कोरला तरच सरळ उठतो हे तू त्याच्याकडं बघून शिकली होतीस. ही चित्रं दगडावर काढून छापायचे. ज्यानं काढलं त्यानं फोटो समोर ठेवून दगडावर सरळच काढला असणार, म्हणून छापताना सगळं उलटं उठलं. तू शाळेत किती गेली होतीस? करमाडला दुसरीपर्यंत. पण हे तुला चुलीपुढं बसून पाच मिनिटांत कळलं, आणि तितक्याच सहज तू ठरवलंस की शालूचा पदर डाव्या खांद्यावर घालायचा. छापलेला पदर तू चोळीच्या हिरव्या कापडाखाली झाकलास. नथीला हात लावला नाहीस, तो चेहरा. वरमाळेलाही नाही, तो हात. "डावखुरी व्हती म्हणायचं," म्हणालीस आणि स्वतःशीच हसलीस.

आपण ते चित्र घेऊन दुकानात गेलो तो दिवस मला लख्ख दिसतो. शेठ चित्र पिशवीतून काढतात, बघतात, आणि त्यांचा चेहरा उतरतो. "अरे बाई, ये क्या करके लाई? पदर इधर था, तू उधर ले गई. शहाणपणा करनेको किसने बोला था?" तू सांगायला बघतेस की छापणाऱ्याचं चुकलंय, पण शेठ ऐकत नाहीत. ते म्हणतात, सगळं उखडून काढ आणि चित्राबरहुकूम पुन्हा कर, नाहीतर यापुढं काम मिळणार नाही. तुझी मान खाली. आणि तेवढ्यात गिऱ्हाईकच दुकानात येतं.

गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारे बाबा, पांढरं धोतर, हातात काठी, हात सारखे थरथरणारे. शेठनी चित्र झाकायच्या आत त्यांनी ते पाहिलं. शेठ घाईघाईनं म्हणाले, "बाबा, कारागिराची चूक झाली, दोन दिवसांत बदलून देतो." बाबांनी काठी भिंतीला टेकवली, चित्र दोन्ही हातांत घेतलं. हातांबरोबर चित्रही थरथरत होतं, टिकल्या चमकत होत्या. मला वाटलं, आता हे रागावणार.

"बदलू नका," ते म्हणाले. "हा पदर बरोबर हाय. मीच नेसवायचो त्यांना. रोज, परतेक खेळाला. छापून आलं तवाच उलटं आलं व्हतं. ते म्हणायचे, जाऊ द्या, लोकांना कुठं कळतंय. मला लई लागायचं. आता ते नायत, अन् माझ्या हातात सुई राहात नाय, म्हणून म्हटलं, दुसऱ्याच्या हातानं का व्हईना, एकदा नेसवावं." मग त्यांनी शेठकडं पाहिलं. "कोणी केलं हे?"

"हाय आमचा एक कारागीर," शेठ म्हणाले.

तू तिथंच उभी होतीस, त्या दोघांपासून दोन हातांवर, रिकामी पिशवी छातीशी धरून. मी म्हटलं, "माझ्या आईनं केलं." शेठ माझ्याकडं असे बघायला लागले की मी तुझ्या मागं सरले. बाबांनी मात्र तुझ्याकडं वळून विचारलं, "बाई, तुमी त्यांचं नाटक बघितलं व्हतं व्हय?"

"नाय बाबा," तू म्हणालीस. "आमाला कोण आत सोडणार व्हतं?"

"मग कसं कळलं?"

"आरशात बघितलं."

बाबांनी चित्र शेठच्या हातात दिलं आणि ते थरथरणारे हात तुझ्यापुढं जोडले. गुलमंडीतल्या भर दुकानात. माझ्या आयुष्यात त्याआधी कुणी तुला हात जोडलेले मी पाहिले नव्हते. मी फुशारून गेले होते, आणि घरी येईपर्यंत तशीच फुशारलेली होते. घरी आल्यावर तू दार लावलंस आणि म्हणालीस, "तुझी जीभ लई लांब झाली. दुकानात तोंड उघडायचं नाय."

"पण शेठ खोटं बोलले."

"शेठ खोटं बोलतात म्हणून आपली चूल पेटती. लक्ष्मीचं लुगडं कोण्या वस्तीत शिवून येतंय हे कळलं तर किती जण घरात लावतील ती तसबीर? इचार कर जरा." मी विचार केला नाही, रडले. तू मला जवळ घेतलं नाहीस, पातेलं घासायला बसलीस. त्या दिवशी मला तुझा राग आला होता. आज येत नाही. तुझं नाव न सांगण्यावर आपलं घर चाललं होतं, आणि ते तू मला एका वाक्यात सांगून मोकळी झालीस, स्वतःची कीव न करता.

आठवड्याभरानं शेठनी कामाच्या पिशवीत एक पुडकं दिलं. "वो बुड्ढा तेरे लिए देके गया. पागल है." नाटक कंपनीच्या रंगपेटीतला हातआरसा होता, पितळी मुठीचा. त्यात बघून ते नट पदर ठीक करायचे म्हणे. फुटका आरसा तू फेकून दिलास आणि त्यानंतर आलेलं प्रत्येक चित्र आधी या आरशात पाहिलंस. तू गेल्यावर मी घरातून एवढीच वस्तू मागून घेतली. ती माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात असते.

आता यंदाचं सांगते. नटांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं आणि गावोगावच्या घरांतून चित्रं यायला लागली. बिडकीनच्या एका घरातून सजवलेली राजकन्या आली. त्या घरातल्या मुलानं सांगितलं, पणजोबांची आहे, ते नाटक कंपनीत होते. काच मळलेली, चौकट वाळवीनं खाल्लेली. उजव्या खांद्यावरचं चोळीचं कापड जरासं सुटलं होतं आणि त्याखाली छापलेला पदर डोकावत होता. आमच्या प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या मॅडम पुण्याहून आलेल्या आहेत, वयानं लहान, पण अभ्यासू आणि कामाला वाघ. त्या म्हणाल्या, "वरचं काम खालच्या चित्राशी जुळतच नाही. ज्यानं केलं त्यानं चित्र नीट पाहिलंसुद्धा नाही." कापड काढून मूळ चित्र मोकळं करायचं ठरलं. तसं कागदावर लिहिलंही गेलं.

काढायचं म्हणजे मलाच काढायचं होतं. ओल्या बोळ्यानं खळ मऊ करायची आणि चिमट्यानं कापड सोडवायचं, दोन दिवसांचं काम. त्याआधी चौकट उघडावी लागते. मागची फळी काढली, आणि समोर सतराचा पाढा. निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात. सतरा सत्ते एकशे नऊ, आणि त्यावर गुरुजींची लाल फुली. आई, ती फुली बघितल्याबरोबर मी हातातला चिमटा बाजूला ठेवला. चित्र उलटवून उजेडात धरलं आणि पुन्हा पुढून पाहिलं. पदर डाव्या खांद्यावर होता. नथ उजवीकडं होती, कारण तो चेहरा. जिथं तुझी खळ होती तिथं एकही भोक नव्हतं, बाकी कडांची कसरीनं चाळणी केली होती. मोरचुदाबद्दल आमचे सर काहीही म्हणोत.

मी मॅडमना बोलावलं. हे माझ्या आईचं काम आहे असं मी सांगितलं नाही. मनात आलं होतं, पण वाटलं, आईचं म्हणून वाचलं तर काय वाचलं, तुझं काम कामाच्या जोरावर वाचलं पाहिजे. मी खणातून आरसा काढला, चित्र त्याच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "पदर बघा, नथ बघा, वरमाळ बघा." त्यांनी पाहिलं. एकदा, पुन्हा एकदा. मग आरसा माझ्या हातातून घेऊन स्वतः धरला. "अहो, म्हणजे छापतानाच उलटं झालंय," त्या म्हणाल्या. "आणि हे काम करणाऱ्यानं ते ओळखलं. रंगमंचावर नट कसा उभा होता हे या छापील चित्रात नाहीच, ते या कापडात आहे!" मी म्हटलं, हो. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मग कापड काढायचा प्रश्नच नाही. उलट हेच चित्र मधोमध लावू. कोण असेल हो हा माणूस?"

तेव्हा मी सांगितलं. माणूस नाही, बाई. माझी आई. आणि वहीचं पान दाखवलं. मॅडमनी फुली बघितली आणि हसल्या, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. पाटीचा मजकूर करताना त्यांनी विचारलं, नाव कसं लिहू? मी म्हटलं, पूर्ण लिहा, आडनाव आधी विचारतात लोक, ते आधीच लिहून टाका. आणि पुढं काय लिहू, कारागीर की कलाकार? आई, शाळेपासून नोकरीपर्यंत जितके अर्ज मी भरले, त्यात आईचा व्यवसाय या रकान्यात मी 'घरकाम' लिहीत आले. खळीनं पिवळी पडलेली तुझी नखं मला लपवावीशी वाटायची. मी म्हटलं, कलाकार लिहा. तू असतीस तर ते खोडून कारागीर लिहायला लावलं असतंस. नाहीस, म्हणून माझं चाललं.

काल दुपारी शाळेतल्या मुली आल्या होत्या. एक दांडगी पोरगी पाटी वाचून मैत्रिणीला म्हणाली, "ए, आपलं आडनाव!" दोघी पुन्हा वाचायला लागल्या. मी खांबाआड उभी राहून बघत होते. आपल्या वस्तीतल्या बाईनं राजकन्येला नेसवलं, हे आता कुणापासून लपवायची गरज उरलेली नाही, आणि लपवलं नाही म्हणून कुठं काही कोसळलंही नाही.

हे पत्र मी कामाच्या वाया गेलेल्या कागदांच्या मागच्या बाजूला लिहिते आहे, तुझीच सवय. ते आरशाबरोबर खणात राहील. पण खण बंद करण्याआधी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती वर मी मुद्दाम गोल करून लिहिली. कापड काढायचं 'ठरलं', कागदावर 'लिहिलं गेलं', असं मी लिहिलं. ते ठरवणारी आणि लिहिणारी मीच होते. चौकट उघडण्याआधी मळक्या काचेतूनच चित्र पाहून, जेवायला जायची घाई होती म्हणून पाच मिनिटांत. 'नंतर कोणीतरी केलेलं हौशी काम. मूळ चित्राशी विसंगत. काढून टाकावं.' खाली माझी सही. मॅडम माझ्यावर विसंबून तसं म्हणाल्या होत्या. परवा त्या म्हणाल्या, ते पहिलं पान बदलून टाका, फाईलमध्ये बरं दिसत नाही. मी नाही म्हटलं. राहू दे. तुझ्या मांडीला मांडी लावून मी ती टिकली न् टिकली लागताना पाहिली होती, तरी त्या दिवशी मी ओळखलं ते माझं अक्षर, आई. तुझा टाका मला ओळखू आला नाही.